माझा शहाणपणा आणि बसवाल्या बाईंची मुलाखत

एका बेघर बाईला मी एकदा इतकं छान नटवलं, की तिला घर नाकारलं गेलं.

हे वाक्य मुद्दाम आधीच लिहून टाकतेय. नाहीतर मी मधेच स्वतःची बाजू सावरायला लागेन, आणि ते मला फार छान जमतं. नातवंडांना ही हकिकत सांगते तेव्हा धाकटी नात डोळे मोठे करून विचारते, "बट आजी, व्हाय वुड यू डू दॅट?" तिला काय सांगू? तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती, आणि जगातली कुठलीही मुलाखत मी कुणालाही पास करून देऊ शकते अशी माझी पक्की खात्री होती.

खात्रीला कारण होतं. आमच्या सासर-माहेरची मिळून अकरा माणसं मी अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी तयार केली होती. सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधे ओट्याशी उभी राहून, कानाला फोन लावून! दोनदा नापास झालेला माझा भाचा तिसऱ्या खेपेला माझ्या हाताखालून गेला आणि पास झाला. मग काय, माझी कीर्ती पसरली. पुण्याहून, नागपूरहून अनोळखी लोकांचे फोन. "मावशी, आमच्या आईशी जरा बोला ना, मंगळवारी तिचा इंटरव्ह्यू आहे." की मी सुरू. कपडे इस्त्रीचे. केसांना तेल अजिबात नको. कागद फाइलमधे, फाइलला कप्पे. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. रडगाणं गायचं नाही. गुडघेदुखीचा तर उच्चारही करायचा नाही, त्यांना वाटेल ही बाई औषधपाण्यासाठीच चाललीय. राहणार कुठे असं विचारलं की ताठ मानेनं सांगायचं, तिथे आमची माणसं आहेत. आणि शेवटी हसायचं, पण बेतानं.

हे मी इतक्या आत्मविश्वासानं सांगायची, की आमचे हे पेपरमागून म्हणायचे, "तू एकदा माझाही इंटरव्ह्यू घेऊन टाक. बघू नवरा म्हणून पास होतो का."

तर २००६च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका चर्चच्या हॉलमधे थंडीचे चार महिने बेघर लोकांसाठी जेवणाची आणि झोपायची सोय असायची. महिन्यातल्या एका शनिवारचं जेवण आम्ही मंडळातल्या बायका करायचो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. लुडबूड करायची होती. ती मी पुरेपूर वापरायची. बाकीच्या बायका वाढून झालं की भांडी आवरून निघायच्या. मी टेबलाटेबलांवर जाऊन चौकशा करत बसायची.

तिथेच मला बसवाल्या बाई भेटल्या. एकसष्ट वर्षांच्या, उंच, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या केसांची वेडीवाकडी गाठ मारलेल्या. बावीस वर्षं त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली होती. नवरा गेला, मग त्या राहायच्या ती इमारत विकली गेली, आणि गेले चौदा महिने त्या आपल्या जुन्या स्टेशन वॅगनमधे राहत होत्या. हॉलमधे फक्त जेवायला यायच्या. झोपायला गाडीत, कारण गाडी एकटी सोडली तर कुणी उचलून नेईल ही भीती. ती गाडी चालतही नव्हती. राहण्यापुरतीच उरली होती.

आमचं पहिलं बोलणं खिचडीवरून झालं.

"हे पिवळं काय आहे?"

"खिचडी. आजारी माणसालासुद्धा चालते."

"मी आजारी दिसते?"

"छे छे! अजिबात नाही."

"मग वाढ अजून."

इंग्रजीत तू आणि तुम्ही असं काही नसतं, पण त्यांचं बोलणं मला पहिल्या दिवसापासून 'तू' असंच ऐकू आलं, आणि माझ्या तोंडून जे निघायचं ते माझ्या मनात 'तुम्ही'च असायचं. त्यांचा आवाजच तसा होता. बावीस वर्षं साठ-साठ पोरांना खाली बसवलेला!

तीन महिने आमची अशी शनिवारची मैत्री चालली. मग मी इतर दिवशीही त्यांच्या गाडीपाशी जायला लागले. त्या मला अमेरिकेतल्या पोरांचे वात्रट किस्से सांगायच्या, मी त्यांना आमच्या मंडळातल्या भांडणांचे. त्यांना आमची भांडणं जास्त आवडायची.

फेब्रुवारीत बातमी आली. एका संस्थेनं एक बंद पडलेलं मोटेल घेतलं होतं, आणि त्यातल्या वीस खोल्या बेघर लोकांना कायमच्या राहायला मिळणार होत्या. कायमच्या! मी हॉलमधेच टाळ्या पिटल्या. अर्थात मागणारे विसांपेक्षा पुष्कळ जास्त. म्हणून संस्थेची माणसं एकेकाची मुलाखत घेऊन ठरवणार होती, की कोण 'व्हल्नरेबल' आहे. म्हणजे हा माणूस असाच बाहेर राहिला तर त्याच्या जिवाला इतरांपेक्षा जास्त धोका आहे का. वय किती, आजार कोणते, बाहेर राहून किती महिने झाले, इस्पितळात किती वेळा न्यावं लागलं, आधाराला कुणी आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. गुण जास्त त्याला खोली आधी. सगळं एका कागदावर स्वच्छ छापलेलं होतं, आणि तो कागद मला पण दिला होता.

मी तो वाचला नाही. मुलाखत म्हणजे मुलाखत, त्यात वाचायचं काय?

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी बसवाल्या बाईंना आमच्या घरी आणलं. गरम पाण्यानं आंघोळ, लेकीचा महागातला शाम्पू. माझा क्रीम रंगाचा ब्लाउज त्यांना खांद्यात घट्ट झाला, मग ह्यांचा निळा ब्लेझर वरून चढवला. तो असा बसला की ह्यांना कधी तसा बसलाच नव्हता! केसांचा नीट अंबाडा. फाइल माझ्याकडे तयारच होती, कप्प्यांची. पहिल्या कप्प्यात काय ठेवावं? त्यांनी बसमधे बावीस वर्षं एकही अपघात केला नाही, याचं प्रमाणपत्र होतं. ते ठेवलं.

मग सराव. मी अधिकारी झाले, डायनिंग टेबलाच्या पलीकडे.

"तब्येत कशी आहे?"

"बरी नाही, पाय..."

"थांबा! असं नाही. 'उत्तम आहे, धन्यवाद.' म्हणा बघू."

"पण उत्तम नाहीये."

"मुलाखतीत सगळ्यांची उत्तमच असते."

"तुझे ते अकरा लोक सगळे आले अमेरिकेत?"

"सगळे!"

"ठीक आहे. उत्तम आहे, धन्यवाद."

लेक कॉलेजातून आली. दारात उभी राहून ब्लेझरकडे बघत म्हणाली, "आई, शी लुक्स लाइक अ सीईओ." मी इतकी खूश झाले की काय सांगू. ती काय म्हणत होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी मुलाखत घ्यायला एक तरुण पोरगी होती. नाकावर, गालांवर बारीक तपकिरी ठिपके, पुढ्यात फॉर्म. मी बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, मैत्रीण म्हणून. पोरगी अगदी मऊ आवाजात विचारत होती.

"झोपता कुठे?"

"माझं स्वतःचं वाहन आहे."

"तब्येतीच्या काही तक्रारी?"

"उत्तम आहे, धन्यवाद."

"आंघोळीची, कपडे धुण्याची सोय?"

"कालच केली. शाम्पू फार चांगला होता."

पोरगी लिहीत होती. मी मनातल्या मनात नाचत होते. तिनं तीनदा विचारलं, आणखी काही सांगायचंय का? नीट विचार करा, काही राहिलंय का? तिसऱ्या वेळी तर तिनं पेन खाली ठेवून विचारलं. आणि बाई तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हटलं, "नाही नाही, काही नाही!"

मग तिनं शेवटचा प्रश्न विचारला. अडीअडचणीला आधार देणारं कुणी आहे का? बाई गप्प बसल्या. मला ते सहनच होईना. समोर माणूस 'माझं कुणी नाही' म्हणायच्या बेतात असताना आपण शेजारी बसून गप्प राहायचं? आमच्याकडे असं करतात का? मी बाईंच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "आहे तर! आम्ही आहोत ना. या आमच्या घरच्याच आहेत असं समजा."

किती सहज म्हटलं मी! शेजारच्या काकूंना म्हणतो, मुलाच्या मित्राला म्हणतो, भाजी द्यायला आलेल्या नव्या बिऱ्हाडकरणीला म्हणतो, तसं. त्या पोरीनं ते लिहून घेतलं. लिहून घेतात हे आम्हाला कुणी सांगितलं होतं?

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शंभर टक्के!" आणि बाईंनी ब्लेझरची बटणं सोडली, कारण त्यांना श्वास घेता येत नव्हता.

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, मी पेढे केले. दुधाची पावडर, डब्यातलं गोड दूध, मायक्रोवेव्हमधे सहा मिनिटं, वर वेलची. निकाल आला असेल, तोंड गोड करायला पाहिजे. डबा घेऊन साडेअकराच्या सुमाराला गाडीपाशी पोचले. बाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

"घ्या!"

"मला चालत नाही. साखर आहे मला."

"अय्या, कधीपासून?"

"एकोणीस वर्षं झाली."

"मग तीन महिने मी गुलाबजाम वाढत होते ते?"

"शेजारच्याला देत होते. तुझा उत्साह बघून नाही म्हणवत नव्हतं."

एवढं बोलून त्यांनी समोरच्या कप्प्यातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. सोमवारीच चर्चच्या पत्त्यावर आलेलं. अर्जदार सध्या व्हल्नरेबल या व्याख्येत बसत नाहीत. तब्येत चांगली, वाहन आहे, राहण्या-आंघोळीसाठी आधार उपलब्ध. निर्णय मान्य नसेल तर फेरतपासणी मागता येईल, डॉक्टरच्या कागदासह, शुक्रवारी साडेचारपर्यंत.

शुक्रवार म्हणजे आज!

"तुम्ही मला सोमवारीच का नाही दाखवलं?"

"तू इतकी मेहनत घेतली होतीस. कसं सांगू?"

मला रडू आलं नाही, खरं सांगते. मला जोर आला. असा जोर मला फक्त लग्नघरात येतो. पेढ्यांचा डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि म्हटलं, "चला! डॉक्टर कुठे?"

डॉक्टर सॅन होज़ेच्या सरकारी दवाखान्यात. आमची गाडी घरी होती, हे ट्रेननं ऑफिसला गेले होते. मला लायसन्स मिळून आठ महिने झाले होते, पण फ्रीवेवर, म्हणजे बिनसिग्नलच्या सुसाट हायवेवर, मी एकदाही गेले नव्हते. किराणा, देऊळ, लायब्ररी, सगळं आतल्या रस्त्यांनी. गाडी आणली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही चालवा. तुम्ही तर बसवाल्या."

त्यांनी हात मागे घेतला. "उजवा पाय मला गेल्या वसंत ऋतूपासून जाणवत नाहीये. ब्रेकवर आहे की गॅसच्या पेडलवर, कळत नाही. मी नाही चालवणार. रस्त्यावर लोकांची पोरं असतात."

"हे तुम्ही मुलाखतीत का नाही सांगितलं?"

"तू म्हणालीस, सगळ्यांची उत्तमच असते."

गाडीत बसले. जाताना मी आतल्या मोठ्या रस्त्यानं गेले, दर सिग्नलला थांबत, दर पिवळ्याला घाबरत. वाटेत एकेक गोष्ट बाहेर यायला लागली, म्हणजे मी विचारायला लागले. पायाच्या तळव्याला जखम होती, चार महिने न भरलेली. इन्सुलिन पेट्रोल पंपावरून बर्फ आणून डब्यात ठेवायच्या. उन्हाळ्यात बर्फ वितळून दोनदा खराब झालं, दोन्ही वेळा ॲम्ब्युलन्स आली. तीन महिने मी टेबलाटेबलांवर जाऊन चौकशा करत होते म्हणाले ना? पुरी किती आवडली याच्याच सगळ्या. त्यांच्या पायांकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात गर्दी. आम्ही बसून राहिलो. मी खिडकीपाशी तीनदा जाऊन आले, चौथ्यांदा तिथली बाई माझ्याआधीच म्हणाली, "माहितेय, साडेचार." मधेच मी बाहेर जाऊन ह्यांना ऑफिसात फोन लावला आणि सगळं भडाभडा सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणालीस की त्या आपल्या घरच्या आहेत?"

"तसं म्हणतात हो. बोलायची पद्धत असते."

"ते ठीक. पण मग आणू या का त्यांना घरी? हॉलमधे सोफा आहे."

हे सुद्धा लिहून टाकते. मी सोफ्याचा विचार केला. मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार होत्या, त्यांचा विचार केला. सकाळी एकटीनं चहा पिते त्या अर्ध्या तासाचा विचार केला. आणि मला ते नको होतं. मैत्रीण हवी होती, गप्पा हव्या होत्या, ब्लेझर चढवायला हवा होता. सोफ्यावर नको होती.

"अगं, आहेस ना?"

"आहे. नको," मी म्हटलं. "खोलीच मिळवू या."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुढे एक शब्द काढला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

तीन चाळीसला डॉक्टरांनी बोलावलं. पाय बघून त्यांचा चेहरा बदलला. दोन पानं लिहिली, खाली सही, शिक्का. चार वाजून दोन मिनिटांनी आम्ही गाडीत. आतल्या रस्त्यानं तास लागला असता.

"फ्रीवे," बाई म्हणाल्या.

"मला येत नाही!"

"मला येतो. तू फक्त हात आणि पाय दे."

आणि मग, बायांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा फ्रीवेवर चढले! "आरसा. खांद्यावरून बघ. गॅस दे. अजून. त्या ट्रकला वाट बघायची सवय नाही, तूही बघू नकोस. आता. आता म्हणजे आत्ता!" मी किंचाळत आत घुसले. डावीकडे ट्रक, मागे ट्रक, पुढे सगळं आकाश! बाई शांत. "माझ्या मागे साठ पोरं ओरडायची. तू एकटी त्यांच्यापेक्षा जास्त ओरडतेस." मला हसू फुटलं, त्याही हसायला लागल्या, आणि पासष्ट मैलांच्या वेगानं आम्ही दोघी म्हाताऱ्या हसत सुटलो. भीती कुठे गेली कळलंच नाही. फ्रीवेवरून उतरायच्या वाटेला लागेपर्यंत मी एकाला ओव्हरटेकसुद्धा केलं! मुद्दाम. गरज नव्हती.

चार सव्वीसला संस्थेच्या ऑफिसात. तीच ठिपक्यांची पोरगी जॅकेट चढवत होती. आम्हाला बघून तिनं ते परत खुर्चीला लावलं. या वेळी बाईंच्या अंगात त्यांचा रोजचा करडा स्वेटर होता आणि केसांची गाठ सुटलेली. पोरीनं डॉक्टरचे कागद वाचले, एकदा, मग परत. नवीन फॉर्म काढला. बाईंनी या वेळी विचारलेलं सगळं सांगितलं. पाय, बर्फ, ॲम्ब्युलन्स, चौदा महिने. मी तोंडावर हात ठेवून बसले होते. खरोखरचा हात, दोन्ही.

मग ती माझ्याकडे वळली. "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की या तुमच्या घरच्याच आहेत. ते इथे आधार म्हणून लिहिलंय. आज रात्री या तुमच्याकडे झोपू शकतील?"

बाई शेजारीच होत्या. मी सुरुवात केली, "त्याचं काय आहे, लीजवर आमची तीनच नावं आहेत, आणि मे महिन्यात माझ्या सासूबाई..."

"कारण नको," पोरगी म्हणाली, पण वाईट सुरात नाही. "फक्त हो की नाही."

"नाही."

"उद्या?"

"नाही. त्या आमच्या घरच्या नाहीत. मी नुसतं म्हटलं होतं."

असं वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. आमच्यात ते कुणी उच्चारत नाही. न बोलावण्याचे शंभर प्रकार आम्हाला येतात, पण 'नाही' असं तोंडावर, माणूस शेजारी बसलेला असताना! मान वर करून बघायची हिंमत होईना. तेवढ्यात बाईंचा आवाज आला, तोच, बसमधला.

"चला, विचारलं तेवढंच उत्तर दिलंस एकदाचं."

पोरगी हसली. तिनं माझ्याकडून ते कागदावर लिहून घेतलं आणि मी सही केली. त्या सहीपेक्षा फ्रीवे सोपा होता.

समिती सोमवारी बसणार होती, निरोप माझ्या फोनवर येणार होता. शनिवार-रविवार मी कसा काढला मलाच ठाऊक. फोन तीन वेळा उचलून बघितला, चालू आहे ना! मंगळवारी सकाळी मी कुकर लावत होते तेव्हा वाजला. गुण दुपटीहून वर गेले होते. खोली तळमजल्यावर, पायामुळे. चाव्या आजच घ्या.

मी गॅस बंद केला आणि घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून निघाले. चालत गेले तर दहा मिनिटं, मी पळत गेले, म्हणजे मला पळणं वाटत होतं ते. गाडीच्या काचेवर थापा मारल्या. बाईंनी काच खाली केली.

"तळमजला!" मी ओरडले. दम लागून पुढचं काही बोलताच येईना.

"काय तळमजला?"

"तुम्ही! तुमचा!"

त्यांनी काच पुन्हा वर केली. आत बसून, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, त्या थोडा वेळ समोर बघत राहिल्या. मग उतरल्या.

दुपारी आम्ही सामान हलवलं. दोन फेऱ्यांत झालं. एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली छोटा फ्रिज, त्यात त्यांनी सगळ्यात आधी इन्सुलिन ठेवलं. मी तर अंगात आल्यासारखी कामाला लागले. चादर घातली, ती काढून दुसरी घातली. स्टीलचे डबे ओळीनं लावले. पडदा कुठला चांगला दिसेल, टेबल इकडे का तिकडे, शनिवारी मी येते, सोमवारी पण येते, लेकीला सांगते दिवा आणायला. बोलतेय बोलतेय. बाई पलंगावर बसून माझ्याकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला, पोरांना गप्प करायचा तसा, आणि म्हणाल्या, ते जसंच्या तसं लिहिते:

"आता तू बाहेर जा. मला दार आतून लावून बघायचंय."